कांदा आज विकावा की चाळीत ठेवावा? निर्णय घेण्याची एक रीत

‘थांबा, दिवाळीत भाव वाढेल’ असं सांगणाऱ्याच्या स्वतःच्या चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, कांदा आहे का, ते आधी विचारा. बहुतेकदा नसतो. ‘मनाचा कौल घ्या’ हा सल्ला तर त्याहून वाईट. मन कौल कसा देतं ते पाहिलंत, तर त्याच्या भरवशावर एक ट्रॉलीही भरणार नाही.

उन्हाळ कांदा किती सुकवावा, चाळीत कसा भरावा हे नाशिक जिल्ह्यात कुणाला शिकवायची गरज नाही. म्हणून थेट हिशेबाला लागू. आधी क्विंटलमागे खर्च काढा. वाहतूक, हमाली, तोलाई धरूनच काढा.

मग घट धरा. आज भाव क्विंटलला १,५०० रुपये आहे आणि चाळीत १०० क्विंटल माल आहे असं समजा. तीन महिन्यांत वजनघट आणि सड मिळून पाव माल गेला, तर उरले ७५. तेव्हा २,००० भाव मिळाला तरच आजच्याइतके पैसे हातात येतील. निवडणीची मजुरी आणि कर्जाचं व्याज त्यावर वेगळं. घटीचा आकडा शेजाऱ्याचा नको, तुमच्याच वहीतला घ्या.

आता खरी अडचण. सगळा हिशेब मांडूनही हात अडतो, कारण डोक्यात एक भाव आधीच बसलेला असतो. गेल्या वर्षी भावकीतल्या कुणाला मिळालेला, नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेला. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं ते हेच: माणूस एकूण किती मिळालं ते मोजत नाही, डोक्यातल्या एका खुणेपासून वर की खाली ते मोजतो. खुणेच्या खालचा तोटा तेवढ्याच नफ्याच्या साधारण दुप्पट बोचतो. आणि तोट्यात आहोत असं वाटलं की एरवी सावध असणारा माणूसही जुगार खेळतो. खर्च १,२०० आला असेल तर १,६०० हा नफा. पण डोक्यात ३,००० बसले असतील तर तेच १,६०० तोटा वाटतात आणि चाळ बंदच राहते. कांदा तोच, लिलावही तोच.

मला याच पायरीवर सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून ठासून सांगतो: ‘तो भाव विसरा’ म्हणून तो विसरता येत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूतल्या अमिग्डाला या भागाला इजा झालेल्या दोन व्यक्तींना पैजा लावायला दिल्या होत्या. हिशेब त्यांना नीट कळत होता, फक्त तोट्याची जादा धास्ती दिसली नाही. म्हणजे ही धास्ती अडाणीपणा नव्हे, मेंदूच्या घडणीतच आहे. तिच्याशी भांडू नका, प्रश्नच बदला. ‘विकू का?’ असं विचारू नका. असं विचारा: चाळ रिकामी असती आणि या मालाचे पैसे रोख हातात असते, तर आजच्या भावाने हाच कांदा विकत घेऊन मी चाळीत भरला असता का? उत्तर ‘छे, वेड लागलंय का’ असं आलं, तर विका. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हा प्रश्न मोठ्याने विचारायला लावा. स्वतःशी विचारला की आपण उत्तरात पळवाट काढतो.

फोनवरच्या भावांचंही तेच. मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला जोरात प्रतिसाद देतात, आणि पुढे बक्षिसाच्या नुसत्या इशाऱ्यालाही. लासलगावच्या कांदा बाजाराचा ‘जास्तीत जास्त’ भाव हा असाच इशारा. तो एखाद-दुसऱ्या निवडक ट्रॉलीचा असू शकतो. तुम्ही सरासरीचा रकाना वाचा.

राहिला सरकारचा भाग. घटीचा अंदाज बांधता येतो, ती जोखीम. निर्यातीचं धोरण ही अनिश्चितता. अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्येच या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये उठली तीही ४० टक्के शुल्क ठेवून, आणि शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. यातली कुठली तारीख चाळ भरताना सांगता आली असती? शक्यताच माहीत नसलेल्या पैजांच्या वेळी अमिग्डाला जास्त सक्रिय होते, असं २००५ च्या एका मेंदू-प्रतिमा अभ्यासात दिसलं होतं. अशा वेळी माणूस घाबरून सगळा माल एकदम काढतो, नाहीतर हातावर हात ठेवून बसतो. दोन्ही नको. अंदाज बांधूच नका. चाळ भरतानाच मालाचे चार भाग करा आणि प्रत्येकाची विक्रीची तारीख दारावर खडूने लिहा. कर्जाचा हप्ता भागेल इतका पहिला भाग कुठल्याही भावाला जाईल. बाकीचे त्या-त्या तारखेला वरचा प्रश्न विचारून. दोन तारखांच्या मध्ये चर्चा बंद.

अपवाद एकच. कांद्याला काजळी (काळी बुरशी) दिसली किंवा मोड फुटायला लागले, तर खडूची तारीख पुसा आणि तो भाग दुसऱ्या दिवशीच्या लिलावाला न्या.