जुनी गाडी दुरुस्त करायची की मोडीत काढायची

आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा, इंजिन नंतर. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेला पत्रा पहिल्यासारखा होत नाही. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. मॅट उचलून फ्लोअर, दरवाज्यांखालची पट्टी, पुढचे शॉकअप वर जिथे बसतात तो पत्रा आणि मागच्या अॅक्सलच्या जोडाच्या जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका आणि त्याचं टोक दाबून बघा. टणक आवाज आला तर गंज घासून प्रायमर, वर अंडरकोटिंग, एवढं पुरतं. बद्द आवाज आला किंवा टोक आत घुसलं आणि जागा सस्पेन्शनची असेल, तर पुढे एक रुपयाही घालू नका. तिथलं ठिगळ खड्ड्यात भरवशाचं नसतं.

पत्रा शाबूत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. इंजिन गरम करा, इंधनपंपाचा फ्यूज काढा, सगळे प्लग काढा, प्लगच्या जागी दाब मोजायचा गेज लावा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरवर पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १९० पीएसआय (दाबाचं एकक) यावं, सिलिंडरांत फरक १० ते १५ टक्क्यांच्या आत असावा. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग-पिस्टन झिजलेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) खराब आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल दिसलं तर बहुधा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरलंय. अशी गाडी चालवत नेऊ नका, बेअरिंग जातील.

क्लच प्लेट, शॉकअप, बुश, बॅटरी, टायर ही झीज आहे, त्यासाठी गाडी विकायची नसते. नव्या गाडीसाठी पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेदहा हजारांचा. चाळीस हजारांचं काम म्हणजे चार हप्तेही नाहीत! मात्र काम झाल्यावर गाडी निदान दोन वर्षं चालेल का, हे मेकॅनिकला स्पष्ट विचारा, आणि जुने पार्ट ताब्यात घ्या.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फिटनेस बघून ५ वर्षं वाढते. ती मुदत जवळ आली असेल तर नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर दुरुस्तीच्या हिशेबात धरा. मोडीत काढायचीच ठरली तर भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या आणि आरटीओत आरसी रद्द झाल्याची खात्री करा, नाहीतर गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते.