‘शिवीगाळ’ हा शब्द कुठे आणि कसा वापरावा

‘शिवी’ म्हणजे तोंडून निघालेला अपमानकारक शब्द आणि ‘शिवीगाळ’ म्हणजे असे शब्द कोणाला तरी उद्देशून बोलण्याचे कृत्य, हा भेद पक्का झाला की या शब्दाच्या वापरातील बहुतेक चुका टळतात. शिवी मोजता येते, म्हणून ‘त्याने दोन शिव्या हासडल्या’ असे आपण म्हणतो. शिवीगाळ मोजता येत नाही, म्हणून तिचे अनेकवचन करू नये. शिवी देतात, घालतात, खातातही. शिवीगाळ मात्र करतात, त्यामुळे ‘शिवीगाळ दिली’ ही रचना कानाला खटकते. शब्द स्त्रीलिंगी असल्याने ‘शिवीगाळ केली’, ‘शिवीगाळीमुळे’ अशी रूपे होतात, आणि लिहिताना ‘शि’ ऱ्हस्व व ‘वी’ दीर्घ ठेवावी.

यातल्या ‘गाळ’चा नदीतल्या गाळाशी काही संबंध नाही. संस्कृत ‘गालि’ म्हणजे शिवीच. हिंदीतली ‘गाली’, गुजरातीतली ‘गाळ’ आणि आपल्याकडच्या जुन्या वळणाच्या लेखनातले ‘गालिप्रदान’ ही सारी त्याच कुळातली. ‘धनदौलत’प्रमाणे येथेही एकाच अर्थाचे दोन शब्द जोडीने आले आहेत, आणि त्या जोडीमुळेच शब्दात भडिमाराचा भाव उतरला आहे. म्हणून रागाच्या भरात एखादाच हलका शब्द निसटला असेल, तर त्याला शिवीगाळ म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते.

शेजारचे शब्दही वेगळे ओळखावेत. ‘तुझे वाटोळे होवो’ हा शाप आहे, शिवी नव्हे. दोन्ही एकत्र आल्यास ‘शिव्याशाप’ म्हणावे. शिव्यांची सवय ज्या भाषेला जडली आहे ती ‘शिवराळ’, आणि उच्चारूही नये असे बोलणे ते ‘अर्वाच्य’, ज्याचे मूळ संस्कृत ‘अवाच्य’ या शब्दात आहे. सातारा जिल्ह्यातील सुखेड आणि बोरी या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्या घालतात. त्या ‘बोरीच्या बारा’ला मात्र शिवीगाळ म्हणू नये, कारण तिथे शिव्या असल्या तरी त्या प्रथेचा भाग म्हणून दिल्या जातात आणि कोणा एकीचा पाणउतारा करणे हा त्यांचा हेतू नसतो.

हा शब्द सर्वाधिक जपून वापरावा तो तक्रारअर्जात. ‘शिवीगाळ व दमदाटी केली’ हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की अनेक जण तेवढेच लिहून थांबतात, आणि तक्रार तिथेच दुबळी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ मध्ये (पूर्वीच्या दंड संहितेत ते कलम ५०४ होते) नुसता अपमान पुरेसा नाही. तो हेतुपुरस्सर केलेला असावा लागतो आणि त्यातून मिळालेल्या चिथावणीने शांतताभंग व्हावा असा उद्देश, किंवा तसे होण्याचा संभव असल्याची जाणीव, बोलणाऱ्याला असावी लागते. हे ठरवायचे तर प्रत्यक्ष शब्द समोर हवेत. लाज वाटली तरी ते जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत लिहावेत. त्यांच्या जागी फुल्या मारू नयेत. वृत्तलेखनात मात्र ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली’ एवढे पुरते.

‘जातिवाचक शिवीगाळ’ हा प्रयोग तर निव्वळ वर्णन म्हणून कधीच करू नये. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तीने त्या समाजातील व्यक्तीला लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यामुळे जातीचा कोणता उल्लेख झाला, जागा कोणती होती आणि ऐकणारे कोण होते, हे तिन्ही तपशील लिहिणे आवश्यक ठरते: ‘अमुक तारखेला सायंकाळी चावडीसमोर, अमुक व्यक्ती हजर असताना, त्यांनी माझ्या जातीचा उल्लेख करून पुढील शब्दांत मला शिवीगाळ केली’ असे लिहावे आणि लगेच खाली ते शब्द द्यावेत.