अल्जिनेट बीड्स: गोल पाहिजेत, शेपटीवाले नकोत

बुंदी पाडताना पाहिलंय ना कधी? पीठ पातळ झालं की बुंदी चपटी होते, घट्ट झालं की शेपटी येते, अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणारा, जेल होणारा पदार्थ) बीड्सचं, म्हणजे आत औषध अडकवलेल्या छोट्या गोळ्यांचं, पण अगदी तसंच आहे, फक्त तेलाऐवजी कॅल्शियम क्लोराईडचं पाणी.

मी डायक्लोफिनॅक सोडियम हे वेदनाशामक ड्रग धरून सांगतो. 50 मिली डिस्टिल्ड वॉटर मॅग्नेटिक स्टिररवर ठेवा आणि 1 ग्रॅम सोडियम अल्जिनेट चिमूट चिमूट करून फिरत्या पाण्यात भुरभुरवा. सगळं एकदम ओतलंत तर अशा गुठळ्या होतात की दुपारपर्यंत फोडत बसाल. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातल्या कॅल्शियमनेच अल्जिनेट जमायला लागतं. नीट विरघळलं की 500 मिग्रॅ ड्रग टाकून हलवा, आणि मग हात लावू नका! बुडबुडे वर येऊन जाऊ देत, घाई असेल तर सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी बुडबुडे काढणारं यंत्र) ठेवा. बुडबुडा अडकलेला बीड पाण्यावर तरंगतो आणि सगळे मोजमाप बिघडवतो.

दुसऱ्या बीकरमध्ये 100 मिली पाण्यात 4 ग्रॅम कॅल्शियम क्लोराईड. हे वजन निर्जल पावडरचं; बाटलीवर डायहायड्रेट (म्हणजे पाणी धरलेलं) लिहिलंय का ते बघा, असेल तर साधारण 5.3 ग्रॅम घ्यावं लागतं, हे कोणी सांगत नाही. निर्जल वालं विरघळताना गरम होतं, गार झाल्यावरच वापरा.

आता सिरिंजला 22 किंवा 24 गेजची सुई लावून हळू हळू थेंब सोडा, खाली स्टिरर अगदी मंद. सुई पाण्यापासून साधारण 5 ते 10 सेंमी वर. फार जवळ धरली की थेंबाला गोल व्हायला वेळच मिळत नाही, फार उंच धरली की आपटून चपटा होतो. थेंब पडल्यापडल्या पाण्यातलं कॅल्शियम हे अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना बांधतं, आधी बाहेरून, मग आतपर्यंत.

15-20 मिनिटं ठेवा, बास. जास्त ठेवले की अजून टणक होतील हे खरं, पण तोवर पाण्यात विरघळणारं ड्रग बाहेर झिरपत राहतं आणि एन्ट्रॅपमेंट (बीडमध्ये अडकून राहिलेल्या ड्रगचं प्रमाण) पडते, मग गाईड विचारतात ड्रग गेलं कुठे. गाळा, डिस्टिल्ड वॉटरने पटकन धुवा, 40 अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. वाळल्यावर ते खूप आक्रसतात, घाबरू नका.

किती ड्रग राहिलं ते बघायला 50 मिग्रॅ बीड्स कुटून 100 मिली पीएच 7.4 फॉस्फेट बफरमध्ये रात्रभर ठेवा, फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि बीड विरघळतो. गाळून दहापट डायल्यूट करा, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 276 नॅनोमीटरला रीडिंग घ्या, ब्लँक (तुलनेचा शून्य नमुना) म्हणून ड्रगशिवायचे बीड्स तसेच करून ठेवा.

आणि रिलीजमध्ये, म्हणजे बीडमधून ड्रग किती सुटतं त्या चाचणीत, 0.1 नॉर्मल एचसीएलला (पोटातल्या ॲसिडसारखं) काहीच सुटलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, डायक्लोफिनॅक ॲसिडमध्ये तसंही विरघळत नाही. बीडची खरी परीक्षा आतड्यासारख्या पीएच 6.8 च्या बफरमध्ये.