वेळ अमावास्येची शेतातली पूजा आणि पंगत

लातूर-धाराशिव भागात वेळ अमावास्या मार्गशीर्षाच्या अखेरीस, रब्बीची पिके रानात उभी असताना येते. आदल्या दिवशी शेतात कडब्याची कोप (छोटी खोप) उभारावी आणि आत पाच दगडांना चुना लावून ते पांडव म्हणून मांडावेत.

आंबिलीची तयारी आदल्या दिवशीच करावी: ज्वारीचे पीठ भिजवून आंबवावे, गुठळ्या न होऊ देता शिजवावे आणि पूर्ण निवल्यावरच त्यात ताक, वाटलेला लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ घालावे, कारण गरम पिठात घातलेले ताक फुटते. भज्जीसाठी तुरीचे व वाटाण्याचे दाणे, वाल आणि हरभऱ्याची कोवळी पाने शिजवून, ताकात कालवलेले बेसन लावून मंद आचेवर सतत ढवळावे. सोबत बाजरीचे उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) हवेतच.

पूजा झाल्यावर नैवेद्य दाखवून पिकांत आंबील शिंपडावी. पंगतीला मात्र ज्यांना शेत नाही अशा शेजाऱ्यांना व मजुरांना आवर्जून, घरी जाऊन बोलवावे. पिकात त्यांचेही कष्ट असतात, म्हणून त्यांना घरच्यांच्याच ओळीत बसवावे, वेगळी पंगत लावू नये.