दाराशी उभ्या असलेल्या माणसासाठी

आमच्या नाशिकच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यंदा नवी कमिटी निवडून आली. त्यातल्या दोघा तरुणांनी विचारलं, "मावशी, बाहेरच्या लोकांपर्यंत पोहोचायचं तर सुरुवात कुठून करायची?" एकतीस वर्षं नर्सची नोकरी केली, अकरा वर्षं कमिटीत काढली. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी बाहेर बसा. सलग चार रविवार, उपासना चालू असताना, कमिटीतल्या एकाने रस्त्याच्या पलीकडे बसायचं. गाणं ऐकून कोण थांबतं, कोण डोकावतं, कोण दारापर्यंत येऊन परत फिरतं, ते वहीत टिपायचं.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. एका रविवारी मी दाराशी वर्गणीच्या पावत्या फाडत बसले होते. एक बाई आली. कपाळाला कुंकू, हातात भाजीची पिशवी. तिने चपला काढल्या. आत सगळे चपला घालूनच बसलेले दिसले, तशा परत पायात घातल्या. मग पुन्हा काढून हातात धरल्या. अख्खं गीत होईस्तोवर ती तशीच उभी होती. मी तिच्याकडे बघून हसले आणि पुन्हा पावतीपुस्तकात डोकं घातलं. मान वर केली तेव्हा ती निघून गेली होती. का आली होती, कोण जाणे. वॉर्डात नवा पेशंट आला की मी हातातलं रजिस्टर टाकून उठायचे, आणि देवाच्या घरात मात्र बसून राहिले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून दाराशी असा माणूस नेमा ज्याला त्या वेळी दुसरं कुठलंही काम नाही. पावत्या नाहीत, माइक नाही. आलेल्याला त्याने मागच्या बाकावर जागा द्यावी. पुढे बसवलं की सगळे वळून बघतात. गीताचं पान काढून द्यावं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, आधी हळूच सांगावं, "हे बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं, तुम्ही निवांत बसा." नाही सांगितलं तर बिचारा रांगेत उभा राहतो आणि चारचौघांत ओशाळतो. पहिल्याच दिवशी मोबाइल नंबर मागू नका.

आता व्हिजन. हा शब्द निघाला की फ्लेक्सची ऑर्डर जाते. थांबा. चार रविवारची वही पुढ्यात घ्या आणि समोरच्या चहावाल्याला कळेल असं एकच वाक्य लिहा. "आत्मिक जागृती" त्याला कळणार नाही. "या गल्लीत कुणी आजारी पडलं तर आमच्यातलं कुणीतरी दवाखान्यात सोबतीला बसेल" हे कळेल. आपल्या गावाला हे नवं नाही. 1854 साली मिशनरी विल्यम प्राइस यांनी इथे नाशिकला शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे राहिली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. आधी निवारा दिला, हाताला काम दिलं. गावाचं नावच ते सांगतं.

मदत आणि सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, एका पिशवीत घालू नका. धान्याच्या पिशवीत पत्रक टाकलं की घेणाऱ्याला वाटतं, याची किंमत मागणार. संविधानाचं कलम 25 आपल्याला श्रद्धा सांगण्याचा हक्क देतं. पण 1977 सालच्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. कमिटीतल्या प्रत्येकाला हे माहीत हवं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आमिष दाखवून आणलेला माणूस प्रभूकडे आला असं मी मानत नाही.

दुसऱ्याच्या देवाबद्दल वावगा शब्द नको. शेजारीण रामकुंडावरून आल्यावर विचारपूस करते ती मायेनेच. पण कुणी विचारलं, "तुमचा येशू कोण?" तर गुळमुळीत बोलू नका. पाठ केलेलं प्रवचनही देऊ नका. मी सांगते ते एवढंच: नवरा गेल्यानंतरच्या रात्रपाळ्यांत मला कुणी सावरलं. तुमच्याकडे तुमचं असेल.

घरच्यांपासून लपून या, असं कुणालाही सुचवू नका. बाईला म्हणा, "मालकांनाही घेऊन या, चहा घेऊ." आणि घाई नको. आपल्या जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. पती नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, त्यांचा स्वतःचा 1900 साली. नवरा-बायकोत पाच वर्षं लागली, आणि आपण तिसऱ्या भेटीत "निर्णय घेतलात का?" म्हणून विचारतो!

येत्या रविवारी दाराशी मी उभी राहीन. पावतीपुस्तक खजिनदारांकडे दिलं आहे. त्यापुढच्या रविवारसाठी तुमच्यातलं एक नाव शनिवारपर्यंत कळवा. आणि दाराबाहेर एक छोटी पाटी लावायची आहे: "चपला घालून आत आलात तरी चालेल." ज्याचं अक्षर चांगलं आहे त्याने लिहून आणावी.