मॉडेलसोबत शूट कसं करावं: हौशी ग्लॅमर फोटोग्राफरसाठी

मॅन्युअल मोडवर कॅमेरा चालवता येतो आणि एखादा फ्लॅश किंवा मोठी खिडकी हाताशी आहे, हे धरून चालतो. ग्लॅमर शूट बिघडतं ते बहुतेक वेळा लेन्समुळे नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस तासभर गप्प राहतो किंवा नको ते बोलतो, म्हणून बिघडतं. यंत्रांबद्दल इथे कामापुरतंच सांगितलं आहे, बोलण्याबद्दल सविस्तर.

निरोप आणि लेखी ठरवाठरवी

पहिल्याच निरोपात सगळं सांगून टाका: तुमचं काम कुठे पाहता येईल, कोणत्या प्रकारचे फोटो हवेत, कपडे कोणते, जागा कुठली, किती तास, मोबदला काय. सोबत पाच-सहा नमुना फोटो जोडा. "तुमचे फोटो काढायला आवडेल" एवढ्याच ओळीला अनुभवी मॉडेल उत्तर देत नाही, आणि तिचं बरोबरच आहे.

पैशांऐवजी फोटो द्यायचे ठरले असतील, म्हणजे ज्याला टीएफपी म्हणतात तसं, तर आकडे आधीच लिहा. तीन तासांच्या शूटचे १० ते १५ एडिट केलेले फोटो, तीन आठवड्यांच्या आत, हे हौशी माणसाला झेपतं. उत्साहाच्या भरात पन्नास कबूल करू नका. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल, द्यायच्या नसतील तर तेही आधीच सांगा.

आता कपड्यांची मर्यादा. स्विमसूट, लाँजरी, उघडी पाठ, जे काही ठरेल ते स्पष्ट शब्दांत लिहून घ्या आणि त्यानंतर एकच नियम पाळा: शूट सुरू झाल्यावर मॉडेल ही मर्यादा केव्हाही कमी करू शकते, फोटोग्राफर ती कधीही वाढवू शकत नाही. "सेटवर सहज विचारून बघा, नाही म्हणाली तर सोडून द्या" हा सल्ला सर्रास ऐकायला मिळतो आणि तो घातक आहे. परक्या जागेत, दिव्यांखाली, मेकअपवर दोन तास घालवल्यानंतर नकार देणं अवघड असतं. अशा वेळी मिळालेला होकार मनापासूनचा आहे की अवघडल्यामुळे, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. वेगळं काही सुचलं तर ते पुढच्या शूटसाठी ठेवा आणि दोन दिवसांनी लेखी विचारा.

जन्मतारीख असलेलं ओळखपत्र पाहिल्याशिवाय तारीख पक्की करू नका. १८ वर्षं पूर्ण नसतील तर ग्लॅमर शूट नाही, पालकांची परवानगी असली तरी नाही. कुणाला सोबत आणायचं असेल तर आनंदाने हो म्हणा. सोबत्याला बसायला जागा द्या, फक्त त्याची खुर्ची मॉडेलच्या नजरेच्या रेषेत ठेवू नका, कारण ती दर फोटोनंतर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहते.

मॉडेल रिलीजवर, म्हणजे फोटो वापरायच्या लेखी परवानगीवर, सही मेकअपच्या आधी घ्या. फोटोचा कॉपीराइट आणि तिचा चेहरा वापरण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्टफोलिओ, स्पर्धा, प्रदर्शन, समाजमाध्यमं आणि विक्री अशा स्वतंत्र ओळी ठेवा. प्रत्येक ओळीसमोर हो किंवा नाही तिने स्वतः लिहावं आणि एक प्रत तिच्याकडे राहावी.

आदल्या दिवशी

कपडे इस्त्री केलेले आणि टॅग काढलेले हवेत, तीन जोड पुरतात. मॉडेलला सैल कपड्यांत यायला सांगा. इलॅस्टिकचे वळ त्वचेवरून जायला पाऊण तास सहज लागतो आणि ते एडिटमध्ये पुसणं हे अत्यंत कंटाळवाणं काम आहे. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, एक मोठा आरसा, दोन शॉट्सच्या मध्ये पांघरायला गाउन किंवा शाल, पाणी आणि चेहऱ्यावरचं तेल टिपायचे कागद लागतात. चकाकी एडिटमध्ये काढू असं म्हणू नका, कागदाने ते पाच सेकंदांचं काम आहे.

दिवे

मॉडेल यायच्या आत दिवे लावून, तपासून ठेवा. ९० ते १२० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारी कापडी पेटी), चेहऱ्यापासून साधारण सव्वा मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात, डोळ्यांच्या पातळीच्या वर आणि खाली झुकलेला. नाकाची सावली खाली गालाकडे जावी, पण ओठाला टेकता कामा नये. दुसऱ्या बाजूला पांढरा रिफ्लेक्टर, आणि मॉडेल पार्श्वभूमीपासून दीड-दोन मीटर पुढे. आयएसओ १००, एफ ५.६ ते ८, शटर १/१६०. शटर सिंकच्या मर्यादेपलीकडे, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या कमाल वेगापलीकडे, गेलं तर फोटोत काळा पट्टा येतो. एफ १.८ चा मोह टाळा, कारण चेहरा जरा वळला की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर होतो.

फुल फ्रेमवर ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स, लहान सेन्सरवर ५० ते ६०. खरा मुद्दा अंतराचा आहे. दीड मीटरपेक्षा जवळ गेलात की नाक मोठं दिसायला लागतं आणि कान मागे जातात, मग लेन्स कुठलीही असो. पूर्ण उंचीच्या फोटोला कॅमेरा कमरेच्या पातळीवर ठेवा म्हणजे पाय आखूड दिसत नाहीत.

पोझ सांगणं

सगळं अडतं ते इथे. मॉडेलला स्वतःचं शरीर दिसत नाही, त्या क्षणी तिचा आरसा तुम्ही असता. तुम्ही गप्प राहिलात की तिला वाटतं काहीतरी चुकतंय, मग खांदे वर चढतात आणि ओठ आवळले जातात. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर कपाळाला आठ्या घालून बघत बसणं हे त्याहून वाईट. आठ्या एक्स्पोजरसाठी असतात, पण तिला त्या स्वतःसाठी वाटतात. सेटिंग बदलायचं असेल तर तोंडाने सांगा: "पोझ चांगली आहे, मी फक्त दिवा कमी करतोय."

"तुम्ही" म्हणा. ती स्वतःहून तू म्हण म्हणेपर्यंत तुम्हीच. लाडाची संबोधनं अजिबात नकोत. कौतुक करायचं ते पोझचं, प्रकाशाचं, चेहऱ्यावरच्या भावाचं. शरीराच्या अवयवांवर एक शब्दही नको, चांगला हेतू असला तरी नको. "हॉट दिसा", "सेक्सी बघा" या सूचनाच नाहीत. त्या ऐकून नेमकं काय हलवायचं हे कुणालाही कळत नाही.

सूचना एका वेळी एकच द्या आणि ती हालचालीची असू द्या. डावं-उजवं हा कायमचा गोंधळ आहे, कारण समोरासमोर उभं राहिल्यावर तिचं उजवं तुमचं डावं असतं. त्यावर उपाय म्हणजे खोलीतल्या वस्तूंची नावं घ्या: "खिडकीकडचा हात", "दाराकडचा खांदा". यात चूक होत नाही. अवघड पोझ असेल तर स्वतः करून दाखवा, आरशात दिसावी तशी. हात लावून पोझ दुरुस्त करू नका. केसांची बट चेहऱ्यावर आली असेल तर स्वतःच्या कपाळावर जागा दाखवा, ती स्वतः सारेल.

क्रम पायांकडून वर. आधी वजन: "सगळा भार मागच्या पायावर." त्याने कंबर कॅमेऱ्यापासून दूर जाते. लेन्सला जे जवळ ते मोठं दिसतं, म्हणून हे एकच वाक्य अर्धी पोझ करून टाकतं. मग पुढचा गुडघा किंचित वाकवून आतल्या बाजूला. मग पावलं पार्श्वभूमीकडे असतील तर खांदे कॅमेऱ्याकडे, म्हणजे शरीराला पीळ येतो. कोपर आणि कंबर यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली पाहिजे. दंड अंगाला चिकटला की तो चपटा होऊन रुंद दिसतो.

हातांसाठी पोझ सांगूच नका, काम सांगा. "हात सुंदर ठेवा" म्हटलं की बोटं काठीसारखी ताठ होतात. त्याऐवजी "केस कानामागे सारा, अगदी सावकाश" म्हणा आणि ती हालचाल चालू असतानाच पाच-सहा फोटो घ्या. पंजाची सपाट बाजू कॅमेऱ्याकडे आली तर हात चेहऱ्याएवढा मोठा वाटतो, करंगळीची कड वळवून घ्या. बोटं त्वचेला नुसती टेकावीत. दाबली तर खळगा पडतो आणि तो फोटोत लगेच दिसतो.

हनुवटीबाबत सगळीकडे चुकीचं सांगितलं जातं. "हनुवटी पुढे" म्हटलं की दहातले नऊजण ती वर उचलतात आणि नाकपुड्या दिसायला लागतात. "कपाळ माझ्याकडे आणा" म्हणा. मान लांबते, हनुवटी आपोआप थोडी खाली येते, जबड्याची रेषा गळ्यापासून सुटी होते. बाजूने हे विचित्र दिसतं आणि मॉडेलला अवघडल्यासारखं वाटतं, म्हणून पहिल्यांदा हे केल्यावर तिला एक फोटो दाखवा. एकदा फरक दिसला की पुन्हा समजवावं लागत नाही.

नजर नाकाच्या दिशेतच हवी. चेहरा एकीकडे आणि बुबुळं कोपऱ्यात गेली की पांढरा भाग जास्त दिसतो आणि चेहरा घाबरल्यासारखा वाटतो. "तिकडे बघा" पुरेसं नाही, "सॉफ्टबॉक्सचा वरचा कोपरा" असा नेमका बिंदू द्या. डोळे थकलेले वाटले तर मिटायला सांगा, तीन मोजा, तिसऱ्याला उघडायचे आणि त्याच क्षणी शटर. ओठ आवळलेले असतील तर हळूच तोंडाने श्वास सोडायला सांगा. उच्छ्वासाच्या शेवटी खांदे उतरतात, ओठ किंचित विलग होतात. तो अर्धा सेकंदच तुमचा.

भाव हवा असेल तर प्रसंग द्या. "दारात ओळखीचं कुणीतरी आलंय, तुम्ही अजून काही बोलला नाहीत." एवढं पुरतं, त्यापुढे लांबण लावू नका.

आणि पोझ जमली की लगेच मोडू नका. त्याच पोझमध्ये फक्त नजर बदला, मग फक्त खांदा, मग कॅमेरा हातभर वर. एका चांगल्या पोझमधून आठ-दहा वेगळे फोटो निघतात. नव्या पोझच्या मागे धावणारे दर वेळी शून्यापासून सुरुवात करतात.

पहिली वीस मिनिटं वाया जाणार हे धरून चाला. त्या वेळेत सर्वांत साधे, अंगभर कपडे घ्या आणि तिला भिंतीला टेकून किंवा खुर्चीत बसून सुरुवात करू द्या. टेकायला काही मिळालं की हातापायांचं काय करायचं हा प्रश्न निम्मा सुटतो. कमी कपड्यांचा जोड शेवटी. दर ३० ते ४० मिनिटांनी विश्रांती द्या, तिने मागायची वाट बघू नका, आणि त्या वेळात गाउन तिच्या हाताशी असू द्या.

नंतर

त्याच रात्री फाइल दोन ठिकाणी उतरवा, मगच कार्ड रिकामं करा.

त्वचेवरच्या ज्या गोष्टी दोन आठवड्यांत आपोआप गेल्या असत्या, जसं की पुरळ, ओरखडा, वळ, त्या पुसा. तीळ, व्रण, जन्मखूण यांना विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि शरीराचा आकार तर नाहीच नाही. १०० टक्के झूमवर रोमछिद्रं दिसेनाशी झाली असतील तर तुम्ही जास्त घासलंय, त्या एडिटच्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे त्याचा ठळकपणा, निम्म्यावर आणा.

निवड दाखवताना ३०-४० फोटोंचा छोटा संच पाठवा आणि नको असलेल्यांवर तिला खूण करू द्या. ते फोटो बाजूला काढा, वाद घालू नका. तयार फोटो एसआरजीबी या सगळ्या पडद्यांवर चालणाऱ्या रंगपद्धतीत, एक पूर्ण आकारात आणि एक लांब बाजू २०४८ पिक्सेल असलेला, ठरलेल्या तारखेच्या आत द्या. उशीर होणार असेल तर ती विचारायच्या आधी कळवा.