कॉलेजच्या फॉर्मवर मराठीच लिहा

2013 साली मी एच-4 व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळतो तो) कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आले. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बी.कॉम. लग्नामुळे दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. इथल्या कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे विद्यापीठात जाता येतं) फॉर्म भरताना मातृभाषा आणि शिक्षणाचं माध्यम, दोन्हीकडे मी 'इंग्रजी' लिहिलं. लाज वाटली म्हणून. त्या एका शब्दापायी माझं दीड वर्ष गेलं. नव्याने येणाऱ्या मुली अजूनही तेच करतात, म्हणून हे लिहितेय.

'इंग्रजी' लिहिल्यामुळे मला ईएसएलबद्दल, म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांसाठीच्या इंग्रजी वर्गांबद्दल, कुणी विचारलंच नाही. थेट पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनाच्या वर्गात जाऊन बसले. पहिलाच निबंध लाल होऊन परत आला. निम्म्या चुका 'ए' आणि 'द'च्या; मराठीत आर्टिकल नाहीच, त्यामुळे कुठे काय राहिलं ते डोळ्यांना दिसतच नाही. मी वर्गाला जायचं सोडलं. गेलो नाही की नाव आपोआप कमी होईल, असं वाटलं होतं. झालं नाही. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, एफ (नापास) आला. वर्ग सोडायचा तर मुदतीच्या आत स्वतः ड्रॉप करा. सुरुवातीच्या मुदतीत केलंत तर नोंदही राहत नाही, नंतर डब्ल्यू, म्हणजे 'वर्ग सोडला' असा शेरा, लागतो. डब्ल्यू परवडला, एफ नाही.

दुसरा फटका उशिरा कळला. तेव्हा यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्स्फर घेताना इंग्रजीखेरीज आणखी एका भाषेची अट असायची. इंग्रजी नसलेल्या माध्यमात सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं चांगल्या गुणांनी झालेली असली, की ती अट पूर्ण धरायचे. म्हणजे माझी मराठी शाळा इथे कामाची होती! पण कागदावर मी इंग्रजी माध्यमाची, म्हणून काउन्सेलरने स्पॅनिश घ्यायला सांगितलं. 5 युनिटांचा (क्रेडिटांचा) वर्ग, रोजचा गृहपाठ, मुलगी तेव्हा चार महिन्यांची. स्पॅनिश आली याचा आनंदच आहे, पण तो वेळ मला इंग्रजीला हवा होता. शेवटी भाऊ शाळेत जाऊन मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आला, तेव्हा नोंद सुधारली. तोवर स्पॅनिश संपली होती. निघण्याआधीच गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला आणि माध्यम मराठी असल्याचं लेटरहेडवरचं पत्र बरोबर घ्या. इथून मागवताना सगळ्या घराला धावपळ होते.

आपल्यातलेच काही जण सांगतील, 'ईएसएल आपल्यासाठी नाही, आपल्याला इंग्रजी येतं.' हे ऐकून मला राग येतो. माझ्या ईएसएलच्या वर्गात व्हिएतनामहून आलेल्या एक परिचारिका होत्या, मेक्सिकोचे एक सुतारकाका होते, आणि निबंधाची बांधणी मी त्यांच्याबरोबर बसून शिकले. इंग्रजी पेपर वाचता येणं वेगळं आणि स्वतःचं म्हणणं चार पानं पुराव्यानिशी मांडणं वेगळं. गाईडातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की आपल्याकडे शाबासकी मिळायची. इथे त्याला चोरी म्हणतात आणि प्रकरण डीनपर्यंत जातं. एक वाक्य घेतलंत तरी कुठून घेतलं ते लिहा. उच्चारांत 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट', 'शिप' आणि 'शीप' यांवर मेहनत घ्या. कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा, हे तर आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला) जा; प्रश्न विचारणाऱ्याला इथे कुणी कमी लेखत नाही. या देशाची ही गोष्ट मला मनापासून आवडते, चाळिशीतल्या बाईलाही वर्गात हक्काची जागा असते.

फीचं थोडक्यात: कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे 46 डॉलर, आणि नॉन-क्रेडिट (ज्याचे युनिट मिळत नाहीत ते) ईएसएल फुकट. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला लागतो, शिवाय इथेच राहणार असल्याचे कागद. एच-4 वाल्यांनाही हे मिळू शकतं. म्हणून आल्या आल्या भाडेकरारावर आपलंही नाव घालून घ्या आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढा. सगळं नवऱ्याच्या नावावर ठेवलंत तर कित्येक पट फी भरावी लागते.

एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर एका सत्रात 12 युनिटांच्या खाली येऊ नका, आणि सरकारी अडल्ट स्कूल (प्रौढांसाठीची शाळा) तुमच्यासाठी नाही. काहीही बदलण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, मित्राला नाही.

सासू-सासरे किंवा आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांचं नाव कॉलेजात घालू नका, त्या व्हिसावर अभ्यासक्रम करता येत नाही. सार्वजनिक लायब्ररीत इंग्रजी बोलण्याचे फुकट गट भरतात, तिथे न्या. माझ्या सासूबाई दर मंगळवारी जायच्या, एका इथिओपियन आजींशी त्यांची चांगली गट्टी जमली होती.